'इन्फ्लेशन', 'चलनवाढ' आणि वऱ्हाडातील 'महागाई' : एका अर्थसंज्ञेचा इतिहास

१. विषयाची मांडणी

अर्थशास्त्रातील ज्या इंग्रजी संज्ञा गेल्या शंभर वर्षांत मराठीच्या नित्य व्यवहारात उतरल्या, त्यांत 'इन्फ्लेशन' ही एक प्रमुख संज्ञा होय. तिच्यासाठी मराठीत आज चार शब्द प्रचारात आहेत : चलनवाढ, चलनफुगवटा, भाववाढ आणि महागाई. वृत्तपत्रातील एकाच बातमीत यांपैकी तीन शब्द एकमेकांच्या जागी आलेले पुष्कळदा दिसतात. वर्तमानपत्री लेखनात याने फारसे बिघडत नाही. परंतु इतिहासाच्या प्रबंधात १८६१-६५ च्या कापूसतेजीलाही 'चलनवाढ', १८९९-१९०० च्या दुष्काळातील धान्यदरालाही 'चलनवाढ' आणि दुसऱ्या महायुद्धातील किमतींनाही 'चलनवाढ' असे म्हटले जाऊ लागले, म्हणजे मात्र विचार करणे प्राप्त होते. या तीन घटनांची कारणे भिन्न होती, त्यांत बुडाले ते लोक भिन्न होते आणि तरले तेही भिन्न होते. तिघींना एकच नाव दिले की हे भेद नावाखाली झाकले जातात.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे : वस्तूचा भाव चढणे आणि पैशाचे मोल उतरणे या दोन गोष्टी वेगळ्या शब्दांनी सांगण्याची सोय जुन्या मराठीत होती. एकरूप नाणे आल्यावर त्यांतील दुसरी भाषा क्षीण झाली. पुढे इंग्रजीच्या आधाराने 'चलनवाढ' हा शब्द घडला आणि ती जागा भरून निघाली. परंतु दरम्यान इंग्रजी शब्दानेच आपला अर्थ बदलला. आपण मात्र शब्द जुन्या अर्थाचा ठेवून त्यात नवा अर्थ ओतीत आहो. या विधानाची तपासणी अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या आर्थिक इतिहासाच्या आधारे करावयाची आहे.

२. इंग्रजी शब्दाचा प्रवास

'इन्फ्लेशन'चे मूळ लॅटिन 'इन्फ्लारे' या क्रियापदात आहे. अर्थ, आत फुंकणे, वारा भरणे. इंग्रजीत हा शब्द प्रथम शरीराच्या संदर्भात आला : पोटात वायू धरणे, अंग फुगणे. त्यावरून गर्वाने फुगणे, शब्दांनी फुगलेली भाषा, असे लाक्षणिक अर्थ निघाले. आर्थिक अर्थ त्या मानाने बराच अलीकडचा असून तो अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या सुमारास, पेढ्यांनी काढलेल्या कागदी नोटांच्या वादात रूढ झाला. त्या वादात फुगत होते ते चलन, किमती नव्हेत. तिजोरीत धातू थोडा आणि बाजारात त्याच्या नावाचा कागद फार, या स्थितीला तो शब्द लावला जाई.

अमेरिकन यादवी युद्धाने या शब्दाला सार्वत्रिक प्रसिद्धी दिली. फेब्रुवारी १८६२ मध्ये उत्तरेकडील सरकारने कायदा करून धातूत न वटणाऱ्या नोटा काढल्या. त्यांच्या हिरव्या पाठीवरून लोक त्यांना 'ग्रीनबॅक' म्हणू लागले. दक्षिणेकडील संघराज्याने तर कागदाचा आणखी मोठा वापर केला आणि पराभवानंतर त्या कागदाला काहीच किंमत उरली नाही. १८६४ च्या वेब्स्टरच्या कोशात या शब्दाचा आर्थिक अर्थ चलनाला उद्देशून, अवाजवी विस्तार असा नोंदलेला आहे. दहा वर्षांनी, १८७४ साली, नोटांची संख्या वाढविण्याचे जे विधेयक अध्यक्ष ग्रँट यांनी नाकारले, त्याला लोकांनी 'इन्फ्लेशन बिल' असेच नाव दिले होते. नाव चलनाच्या विस्ताराचे होते, महागाईचे नव्हे.

विसाव्या शतकात या अर्थाला हळूहळू वळण मिळाले. चलन वाढल्याने किमती वाढतात. म्हणून आधी कारणाला दिलेले नाव परिणामाला लागू झाले, आणि पुढे परिणाम कोणत्याही कारणाने घडलेला असो, नाव तेच राहिले. अर्थविचारात याला कारणवाचक शब्दाचे कार्यवाचक होणे म्हणतात. आजच्या इंग्रजीत 'इन्फ्लेशन' म्हणजे सर्वसाधारण किंमतपातळीत होत राहणारी वाढ. भारतात तर हा अर्थ कायद्यानेच बांधला गेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार या दराचे लक्ष्य ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आधारे ठरते. ते चार टक्के असून वर-खाली दोन टक्क्यांची मुभा आहे. त्यात नोटा किती, हा प्रश्न व्याख्येपुरता उरत नाही.

३. मराठीची जुनी शब्दसंपत्ती

आता आपल्या भाषेकडे वळू. 'महाग' हा शब्द संस्कृत 'महार्घ' पासून आला. 'अर्घ' म्हणजे मोल; ज्याचे मोल मोठे ते महार्घ. त्याचा प्रतियोगी 'समर्घ', त्यापासून 'सवंग'. आज 'सवंग' हा शब्द केवळ हलक्या अभिरुचीसाठी उरला असला, तरी मुळात तो बाजारातला निर्मळ शब्द होता. 'धारण' म्हणजे धान्याचा चालू दर. धारण चढली, धारण उतरली, असे बोलत. 'निरख' हा फारसीतून आलेला शब्द सरकारी अगर ठराविक दरासाठी वापरीत. या सर्व शब्दांचा कर्ता वस्तू आहे. ज्वारी महागते, तूप सवंग होते. रुपया मात्र या वाक्यांत कोठेही हालत नाही.

परंतु रुपया हालतो हे लोकांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. त्यासाठी दुसरा शब्द होता : 'बट्टा'. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली येण्यापूर्वी या मुलखात निजामाचा रुपया, नागपुरी रुपया, कंपनीचा रुपया असे नाना प्रकारचे रुपये चालत. एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीत वटवावयाचा तर सराफ मोडीचा बट्टा कापून घेई; आणि तो स्थळाप्रमाणे व काळाप्रमाणे बदले. परगावी पैसा पाठवावयाचा तर हुंडी करावी लागे आणि तिची हुंडणावळ पडे. म्हणजे पैशालाही भाव असतो आणि तोही चढतो-उतरतो, ही कल्पना वऱ्हाडातील व्यापाऱ्याला व सधन शेतकऱ्याला रोजच्या अनुभवाने परिचित होती. १८५७ साली मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. त्या पिढीच्या भाषेत वस्तूच्या अंगाने बोलणारा 'महाग' आणि पैशाच्या अंगाने बोलणारा 'बट्टा' असे दोन्ही शब्द जिवंत होते.

कंपनी सरकारने १८३५ साली एकरूप रुपया ठरविला होता; इंग्रजी अंमल बसल्यावर वऱ्हाडातही तोच क्रमाने एकमेव झाला. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. प्रारंभी या नोटा मंडलवार असत. ज्या मंडलाची नोट, त्या मंडलातच ती कायदेशीर चलन. या मंडलांत काही काळ अकोल्याचेही नाव होते. मंडलाबाहेर नोट वटवताना बट्टा द्यावा लागे. १९०३ ते १९११ या काळात लहान-मोठ्या नोटा टप्प्याटप्प्याने सर्वदेशी झाल्या आणि बट्ट्याचे हे शेवटचे निवासस्थानही गेले. व्यवहारातून उठलेला हा शब्द नीतीच्या क्षेत्रात जाऊन राहिला. आज 'नावाला बट्टा लागला' म्हणताना ते कोणे एके काळी नाण्याचे दुखणे होते याची आठवण कोणाला होत नाही.

याच्या जोडीला 'दाम' या शब्दाचा इतिहास ठेवून पाहण्यासारखा आहे. ग्रीक 'द्राख्मे', त्यापासून संस्कृत 'द्रम्म', त्यापासून 'दाम'. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूरशी ज्याची निर्मिती निगडित आहे त्या 'लीळाचरित्रा'त 'दाम' हे प्रत्यक्ष नाण्याचे नाव आहे. आज 'दाम' म्हणजे किंमत किंवा पैसा. नाण्याचे नाव किमतीकडे सरकले. 'इन्फ्लेशन'ही तसाच चलनाकडून किमतीकडे सरकला. पैशाचे शब्द किमतीकडे ओढले जाणे ही भाषेची जुनी सवय दिसते. कारण पैसा हा स्वतः दिसत नाही, तो वस्तूच्या किमतीतूनच दिसतो.

४. कापसाची तेजी : १८६१ ते १८६५

ज्या युद्धाने अमेरिकेत 'इन्फ्लेशन' हा शब्द घरोघरी नेला, त्याच युद्धाने वऱ्हाडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत नेला. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. लिव्हरपूलच्या बाजारात मध्यम प्रतीच्या अमेरिकन कापसाचा भाव १८६४ पर्यंत युद्धापूर्वीच्या तिपटीहून अधिक झाला. मुंबईचे व्यापारी, त्यांचे अडते आणि अडत्यांचे दलाल खामगाव, अकोला, अमरावती येथे उतरले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. ते बुलढाण्याकडे गेले ते १९०५ च्या फेररचनेत. कापसाची ही पेठ त्या काळी साऱ्या देशात नावाजलेली होती.

एक तपशील येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. आगगाडीचा मार्ग वऱ्हाडातून जाऊन नागपूरला पोहोचला तो १८६७ साली, आणि जलंबपासून खामगावचा फाटा लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडला गेला तो १८७० साली. म्हणजे तेजीच्या भरात कापसाचा मोठा भाग बैलगाड्यांतूनच पश्चिमेकडे गेला. गाडी आली तेव्हा तेजी ओसरली होती. तथापि लोहमार्गाचे काम त्या वर्षांत चालू असल्याने त्याच्या मजुरीचा पैसाही याच मुलखात पडत होता. कापसाचे मोल आणि लोहमार्गाची मजुरी, अशा दोन वाटांनी रुपया वऱ्हाडात आला. आणि तो आला मुख्यतः चांदीच्या रूपाने.

हिला चलनवाढ म्हणावे काय? चलनाचे प्रमाण वाढले हे खरे. परंतु ते कोणा सरकारने नोटा काढून वाढविलेले नव्हते. निर्यात मालाच्या मोबदल्यात परदेशातून धातू आला होता. शिवाय आलेली सगळी चांदी चलनात राहिली असेही नाही. या काळातील कापूसमुलखाविषयी, शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, नांगराला चांदीचा फाळ लावला, अशा कथा इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनातून पुढे आल्या. त्या अक्षरशः घ्यावयाच्या नसल्या तरी त्यांतील मर्म खरे आहे. पाटल्या, वाळे, गोठ यांत गेलेली चांदी बाजारात फिरत नाही. नाणे झाली तर ती चलन. दागिना झाली तर ती ठेव. त्यामुळे जितका पैसा आला तितके चलन वाढले असे गणित येथे मांडता येत नाही.

भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, या एकाच घटनेला वऱ्हाडी माणसाने दोन नावे दिली असणार. कापूस विकणाऱ्याला ती 'तेजी' होती. तोच कापूसवाला ज्वारी विकत घेऊ लागला की ती 'महागाई' होती. कापसाखाली अधिक जमीन गेली, धान्याला गिऱ्हाईक वाढले, धान्याची धारण चढली. ज्याच्याजवळ विकावयास कापूस नव्हता आणि जो रोजमुऱ्यावर जगत होता, त्याच्या वाट्याला महागाईच आली. आजही आपण 'कापसाला भाव मिळाला' असे म्हणतो आणि 'डाळ महागली' असे म्हणतो. दोन्ही वाक्यांत किंमतच वाढली आहे. पण पहिल्या वाक्यात बोलणारा मापाच्या एका बाजूला उभा आहे, दुसऱ्यात दुसऱ्या. 'इन्फ्लेशन' या शब्दाला अशी बाजू नसते. शास्त्राला ते सोयीचे आहे, परंतु इतिहासकाराला नेमकी ती बाजूच शोधावयाची असते.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध थांबले आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ या दिवशी मुंबईत वायद्याचे व्यवहार पुरे करण्याची वेळ आली तेव्हा शेअरबाजाराचा डोलारा ढासळला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांचे दिवाळे निघाले, आणि पुढे जुनी बँक ऑफ बाँबेही बुडाली. खेड्यात याचा परिणाम कर्जाच्या रूपाने उमटला. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज उतरत्या भावाने फेडावयाचे होते. रुपयाचा आकडा तोच, पण तो मिळविण्यासाठी आता अधिक कापूस घालावा लागे. भाव पडले की कर्जाचा रुपया जड होतो. पुणे व नगरकडे या कर्जाच्या असंतोषातून १८७५ चे दंगे झाले. दामदुप्पटीचा जुना नियम व्याज मुदलापुरते मर्यादित करीत असे; परंतु मुद्दलच जड झाल्यावर त्या नियमाचाही उपयोग थोडाच होता.

५. दुष्काळाची धारण : १८९६ ते १९००

शतकाच्या अखेरीस, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत, वऱ्हाडात धान्याचे दर पुन्हा भडकले. दुसरा दुष्काळ अधिक भयंकर. आगगाडी होती, बाजार होते. १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला होता आणि १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाही झाला होता. म्हणजे धान्य आणण्याची साधने नव्हती असे नाही. लक्ष्मण सत्या यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ या विषयावरील ग्रंथात, कापसाच्या विस्ताराने येथील धान्याची व चराऊ रानांची जुनी व्यवस्था कशी मोडली आणि दुष्काळ त्यामुळे कसा तीव्र झाला, हे विस्ताराने दाखविले आहे.

या प्रसंगाला मात्र 'चलनवाढ' हा शब्द लावणे सर्वथा अप्रस्तुत होय. त्याची कसोटी सोपी आहे. पैसा उतरला असता सर्वच वस्तूंचे भाव चढावयास हवे होते. दुष्काळात तसे होत नाही. धान्य चढते, पण बैल, भांडी, दागिने, जमीन यांचे भाव पडतात, कारण ते विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे असतात. मजुरीला तर गिऱ्हाईकच नसते. भुकेच्या माणसाच्या दृष्टीने पैसा स्वस्त झालेला नसतो. तो दुर्मिळ झालेला असतो.

योगायोग असा की, याच सुमारास रुपयाच्या मोलासंबंधी सरकारदरबारी मोठा वाद चालू होता. १८७३ नंतर जगात चांदी उतरत गेली आणि सोन्याच्या हिशेबाने रुपयाही उतरला; म्हणून १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद करण्यात आल्या. दुष्काळाच्या वर्षांत रुपया बाहेरच्या हिशेबाने सावरला जात होता आणि त्याच वर्षांत दागिने मोडणाऱ्याच्या चांदीला पूर्वीचा भाव येत नव्हता. टांकसाळ बंद झाल्यावर नाण्याची चांदी आणि दागिन्याची चांदी यांच्या मोलात अंतर पडले होते. तेजीत जमविलेली ठेव संकटात मोडताना हलकी भरली. चलनाच्या धोरणाचा आणि दुष्काळाचा एवढाच संबंध येथे आहे. पण तो चलनवाढीचा नसून चलन आवळण्याचा आहे. हा भेद 'महागाई' आणि 'चलनवाढ' हे शब्द वेगळे ठेवल्याशिवाय सांगताच येत नाही.

६. महायुद्धांची चलनवाढ

पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मिळ झाली आणि सरकारने १९१७ साली एक रुपयाची व १९१८ साली अडीच रुपयांची नोट काढली. रुपया म्हणजे वाजवून घ्यावयाची वस्तू, असे मानणाऱ्या खेड्यात कागदाचा रुपया आला. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुपयाचा विचार केवळ विलायती विनिमयाच्या दराने न करता त्याच्या क्रयशक्तीने करावा, आणि चलन काढणाऱ्याच्या हातांवर बंधन असावे, हा आग्रह आहे. 'बट्टा' या शब्दामागील जुनी जाणीव, म्हणजे पैशालाही मोल असते ही जाणीव, तेथे शास्त्रीय रूपाने परत आलेली दिसते.

परंतु शुद्ध अर्थाने चलनवाढ म्हणावी अशी घटना घडली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश सरकार युद्धासाठी हिंदुस्थानात माल घेई. त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई, आणि त्या स्टर्लिंग रोख्यांच्या तारणावर येथे रिझर्व्ह बँक नोटा काढी. माल देशाबाहेर गेला, कागद देशात राहिला. ऑगस्ट १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपता संपता हा आकडा अकराशे कोटींच्या पुढे गेला. ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख हे मूळचे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सेवेतील अधिकारी होते. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ व सोवनी यांचा युद्धकालीन आर्थिक धोरणावरील ग्रंथ पुण्याच्या गोखले संस्थेतून निघाला, आणि मुंबईचे प्रा. वकील यांनी उतरत्या रुपयावरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. वकिलांनी पुस्तकाच्या नावात रुपया उतरतो असे म्हटले, वस्तू चढतात असे नव्हे, हे अर्थपूर्ण आहे. दोष कोणाचा, हे त्या क्रियापदातच सांगितलेले होते.

वऱ्हाडात या चलनवाढीचे रूप गुंतागुंतीचे होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाचा मोठा गिऱ्हाईक एका दिवसात नाहीसा झाला. धान्य, कापड, रॉकेल चढत असता शेतकऱ्याचा कापूस प्रथम पडला. १९४२ साली 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली. एकंदर किंमतपातळी चढत असताना एखाद्या मुलखाचे मुख्य पीक उतरू शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होईल. चलनवाढ सर्वांची असते. महागाई मात्र ज्याची त्याची असते.

'महागाई भत्ता' हा शब्दही याच काळाचे देणे आहे. वऱ्हाडातून जाणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कामगारांनी भत्त्याची मागणी केली आणि १९४० साली तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती राव यांचे न्यायासन नेमले गेले. भत्ता द्यावयाचा तर महागाई मोजली पाहिजे, म्हणून निर्देशांकांची गरज निर्माण झाली. पुढे औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी राज्य शासनाने निवडलेल्या केंद्रांत अकोलाही आले. येथे शब्दाची निवड अचूक झाली आहे. कामगाराला भरपाई द्यावयाची ती त्याच्या टोपलीतील वस्तू महागल्याबद्दल. नोटा किती छापल्या याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याला कोणी 'चलनवाढ भत्ता' म्हटले नाही, हे भाषेचे शहाणपण होय.

७. 'फुगवटा', 'स्फीति' आणि आजचा घोळ

'इन्फ्लेशन'साठी भारतीय भाषांनी जे प्रतिशब्द स्वीकारले त्यांकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. गुजरातीत 'फुगावो', कन्नडात 'हणदुब्बर' म्हणजे पैशाची फुग, उर्दूत 'इफरात-ए-जर' म्हणजे पैशाची विपुलता, हिंदीत 'मुद्रास्फीति', मराठीत 'चलनवाढ' व 'चलनफुगवटा'. गुजराती सोडली तर या सर्व शब्दांत पैसा उघड उभा आहे. किंमत कोठेही नाही. इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ या भाषांनी जतन करून ठेवला, आणि इंग्रजी मात्र पुढे निघून गेली.

वऱ्हाडच्या वाचकाला यांतील दोन शब्द एकाच वेळी भेटले. १९५६ पर्यंत अमरावती व अकोला हे जिल्हे मध्यप्रदेशात होते, आणि तेथे हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. 'मुद्रास्फीति' आणि 'चलनफुगवटा' यांची तुलना म्हणून उद्बोधक आहे. संस्कृतात 'स्फीत' म्हणजे समृद्ध, भरभराटलेला. महाकाव्यांत चांगल्या राज्याला 'स्फीत जनपद' म्हणतात. हिंदी संज्ञेच्या मुळाशी असा स्तुतिपर अर्थ आहे. मराठी 'फुगवटा' मात्र मूळ लॅटिन कल्पनेशी प्रामाणिक आहे : आत वारा आहे, वस्तू नाही. सूज आणि बाळसे यांत मराठी माणूस जो फरक करतो, तोच फरक या शब्दात आहे. 'चलनवाढ' हा शब्द यांहून तटस्थ. व्यापार वाढला म्हणून चलन वाढले, तर ती वाढ निरोगीही असू शकते. 'फुगवटा' निरोगी असू शकत नाही.

घोळ कोठे होतो हे एका प्रसिद्ध उदाहरणाने दाखविता येईल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६३ साली मुंबईत दिलेल्या व्याख्यानांत असा सिद्धान्त मांडला की, इन्फ्लेशन ही सर्वत्र व सदैव चलनाशी निगडित अशी घटना असते. हा सिद्धान्त पुढे जगभर गाजला. त्यावर आक्षेपही पुष्कळ आले. इंग्रजीत हे विधान वादग्रस्त ठरू शकते, कारण तेथे शब्दाचा अर्थ किमतींची वाढ असा आहे आणि विधान तिच्या कारणाविषयी आहे. मराठीत 'चलनवाढ ही नेहमी चलनाशी निगडित असते' असे भाषांतर केले की त्यात सिद्धान्त उरत नाही, नुसती पुनरुक्ती उरते. विद्यार्थी ते स्वयंसिद्ध म्हणून पाठ करतो. त्यावर वाद घालण्याची जागाच त्याला दिसत नाही. भाववाढ ही चलनामुळेच होते काय, असा प्रश्न मांडला तरच तो १८९९ च्या दुष्काळाकडे किंवा १८६४ च्या तेजीकडे बोट दाखवून उत्तर शोधू शकेल. एका प्रतिशब्दाने एक संपूर्ण वाद मिटवून टाकावा, हे शास्त्राला हितकर नाही.

दुसरा घोळ अधिक जिव्हाळ्याचा आहे. 'चलनवाढीचा दर आटोक्यात आला' हे वाक्य शहरातील पगारदाराला दिलासा देते. परंतु ग्राहक निर्देशांकात अन्नाचा वाटा मोठा असल्याने तो आटोक्यात येण्याचे एक कारण शेतमालाचे पडलेले भाव हे असू शकते. शेतमालाला रास्त भाव मिळावा ही शरद जोशी यांच्या शेतकरी चळवळीची मध्यवर्ती मागणी होती. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेचा हेतूही कापूस उत्पादकाला भावाची हमी देण्याचा होता. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्य जाहीर केले त्यांत अमरावती व अकोला होते. ज्या मुलखात 'भाववाढ' ही मागणी आहे, त्या मुलखात 'भाववाढ रोखली' हे वाक्य निरपवाद सुवार्ता ठरत नाही. येथे कोणती किंमत, आणि कोणाच्या बाजूने, हे विचारल्याशिवाय वाक्याचा अर्थ पूर्ण होत नाही.

८. समारोप

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. निर्देशांकावरून मोजल्या जाणाऱ्या सर्वसाधारण किंमतवाढीसाठी 'भाववाढ' किंवा 'किंमतवाढ' हा शब्द योजावा. तोच आजच्या इंग्रजी संज्ञेचा यथार्थ प्रतिशब्द होय. चलनाच्या प्रमाणातील वाढीसाठी 'चलनवाढ', आणि ती वस्तूंच्या पुरवठ्याला सोडून झाली असेल तर 'चलनफुगवटा' म्हणावे. माणसाच्या पदरी येणाऱ्या भारासाठी 'महागाई' हा शब्द राखावा. एका वस्तूचा भाव चढल्यास 'तेजी' किंवा 'टंचाई' यांपैकी जे कारण असेल ते सांगावे.

एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडची कागदपत्रे वाचणाऱ्या अभ्यासकाने तर विशेष दक्षता घ्यावयास हवी. मूळ कागदात 'धारण चढली' असे असेल तर तिचे 'चलनवाढ झाली' असे रूपांतर करणे म्हणजे कागदाने न दिलेली साक्ष त्याच्याकडून वदवून घेणे होय. कागद एवढेच सांगतो की धान्याचा दर चढला. तो पाऊस न पडल्याने चढला, कापसाने जमीन खाल्ल्याने चढला, की रुपया हलका झाल्याने चढला, हे शोधून काढणे आपले काम आहे. त्यासाठी त्याच वर्षीचे बैलाचे, मजुरीचे, कापसाचे आणि चांदीचे दर शेजारी मांडावे लागतात. सगळे एकदम चढलेले दिसले तर पैशाकडे पाहावे; एकच चढलेला दिसला तर त्या वस्तूकडे. मराठी भाषेने महागाईला वस्तूचे अंग दिले आणि बट्ट्याला पैशाचे. त्या दोन अंगांचा हिशेब वेगवेगळ्या रकान्यांत ठेवला, तरच कोणाच्या घरात किती आले आणि कोणाच्या घरातून किती गेले, याची बेरीज-वजाबाकी जुळेल.